फुकट आहे, पण बॅग सांभाळा: लंडनच्या सोन म्युझियमचं प्रकरण

लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्स नावाचा एक मोठा चौक आहे, मधे बाग आणि चारी बाजूंना जुन्या इमारती, बऱ्याचशा वकिलांच्या. उत्तरेच्या बाजूला १२, १३ आणि १४ नंबरची तीन घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, त्यातल्या मधल्याचा दर्शनी भाग पांढऱ्या दगडाचा आणि जरासा पुढे आलेला, तेवढ्यावरूनच ते ओळखू येतं. हे सर जॉन सोन म्युझियम. सोन हा आर्किटेक्ट, बँक ऑफ इंग्लंडचं काम त्याने १७८८ ते १८३३ अशी ४५ वर्षं बघितलं, आणि कमावलेल्यातला बराच पैसा पुतळे, चित्रं, नकाशे, पुस्तकं, फुटके दगड, प्लास्टरचे ठसे (म्हणजे मूळ शिल्पांवरून साच्यात ओतून काढलेल्या नकला) यात घातला. १८३७ मध्ये तो वारला आणि तेव्हापासून हे घर लोकांसाठी आहे. नेहमीच्या भेटीला तिकीट नाही, बुधवार ते रविवार उघडं असतं.

आता तिथे जाऊन आलेले लोक बहुतेक खूश असतात, पण खोदून विचारलं की तक्रारी निघतात आणि त्या जवळपास सगळ्यांच्या सारख्याच असतात. बाहेर रस्त्यावर थांबायला लागलं कारण एका वेळी शंभराच्या आतच माणसं आत घेतात. मोठी बॅग जमा करायला लावली, लहान पर्स पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात धरायला सांगितली. आत एवढ्या हजारो वस्तू आणि एकालाही लेबल नाही, काय बघतोय ते कळेना. काही कोपऱ्यांत इतका अंधार की डोळे फाडून बघावं लागलं. आणि सगळ्यात प्रसिद्ध चित्रं फळ्यांच्या मागे बंद, तिथला माणूस येऊन उघडेल तेव्हाच दिसणार.

म्हणजे एक खासगी संग्रह लोकांना फुकट दाखवला जातोय आणि बघायला गेलेल्या माणसाला पावलोपावली वाटतंय की आपण कुणाच्या तरी घरात पाहुणे म्हणून आलोय, जपून वागायला पाहिजे. हे प्रकरण मला एवढ्यासाठीच मांडावंसं वाटलं. माझं मत आधीच सांगून टाकते, या तक्रारींचं मूळ व्यवस्थापनाच्या आळसात नाही, ते १८३३ सालच्या एका कायद्यात आणि सोनने घर ज्या पद्धतीने बांधलं त्यात आहे, आणि एकदोन सोडल्या तर त्या दूर करायच्या भानगडीत पडूच नये.

माणूस आणि त्याचं घर

सोन १७५३ मध्ये जन्मला, बाप गवंडीकाम करणारा. पंधराव्या वर्षी जॉर्ज डान्स नावाच्या आर्किटेक्टच्या हाताखाली लागला, मग रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेत शिकला, १७७६ मध्ये सुवर्णपदक मिळालं आणि शिष्यवृत्तीवर १७७८ ते १७८० इटलीत हिंडून आला. तिथे बघितलेलं रोम त्याच्या डोक्यातून आयुष्यभर गेलं नाही. १७८४ मध्ये एलायझाशी लग्न झालं, तिचे काका श्रीमंत बिल्डर, ते १७९० मध्ये गेल्यावर वारशाने पैसा आला आणि १७९२ मध्ये सोनने १२ नंबरचं घर घेऊन पाडून नवं बांधलं. मग १३ नंबर, मग १४. म्हणजे घर वाढत गेलं ते वस्तू मावेनात म्हणून, आणि प्रत्येक वेळी मागच्या अंगणात छत चढवून तिथे आणखी पुतळे लावले.

१८०६ मध्ये तो रॉयल अकॅडमीत प्राध्यापक झाला, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते कारण लोकांना घरात घ्यायची सवय त्याला तेव्हापासूनची. प्रत्येक व्याख्यानाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांनी घरी यावं, वस्तू बघाव्यात, चित्रं काढावीत असं त्याने ठरवलं होतं. तो काळ नेपोलियनच्या युद्धांचा, इंग्लंडमधल्या तरुण आर्किटेक्टला इटलीला जाणं जवळजवळ बंद झालेलं, मग रोमच्या देवळाच्या खांबाचा माथा कसा असतो हे त्याने बघायचं कुठे, तर सोनच्या मागच्या दारी, प्लास्टरच्या ठशात. हा संग्रह मिरवायला नव्हता असं मी म्हणणार नाही, सोनला मिरवायला भरपूर आवडायचं, पण त्यातला मोठा भाग शिकवण्याचं सामान होतं हे लक्षात ठेवलं की आतली गर्दी वेगळी दिसायला लागते.

घरातलं मात्र सगळं बिनसलं होतं. दोन मुलं, जॉन आणि जॉर्ज, दोघांनी आर्किटेक्ट व्हावं म्हणून बापाने ईलिंगला पिट्झहँगर मॅनर नावाचं अख्खं घर घेऊन बांधलं, पण मुलांना त्यात रस नव्हता आणि १८१० मध्ये ते विकून टाकलं. जॉर्ज कर्जात बुडाला, आणि १८१५ मध्ये त्याने एका वर्तमानपत्रात नाव न घालता बापाच्या इमारतींची खिल्ली उडवणारे लेख लिहिले. लेखक कोण हे आईला कळलं, ती आधीच आजारी होती, २२ नोव्हेंबर १८१५ ला गेली. सोनने ते लेख फ्रेम करून भिंतीवर लावले आणि खाली लिहिलं की हे जॉर्जने दिलेले मरणाचे घाव. थोरला जॉन १८२३ मध्ये क्षयाने गेला. उरला तो जॉर्जच.

हे सगळं घरगुती भांडण इथे कशाला असं कुणी म्हणेल. पण याच्याशिवाय पुढचा कायदा समजत नाही. साधं मृत्युपत्र केलं असतं तर नंतर त्यावर कोर्टात भांडता आलं असतं, म्हणून सोनने थेट संसदेत खासगी बिल, म्हणजे फक्त या घरापुरत्या कायद्याचा मसुदा, आणलं. जॉर्जने विरोध केला, विल्यम कॉबेट हा खासदार पण सभागृहात विरोधात बोलला, त्याचं म्हणणं साधारण असं की पोटच्या पोराचा वारसा काढून घेऊन बाप लोकांना दानधर्म करतोय. हे म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. खासगी संग्रह सार्वजनिक होतो तेव्हा कुणाच्या तरी हातचं काहीतरी जातंच, आणि आपण फुकट आत जातो तेव्हा ते आपल्या गावीही नसतं. पण बिल पास झालं, २० एप्रिल १८३३ ला कायदा झाला आणि सोन मेल्यावर लागू झाला.

कायद्यात काय म्हटलंय

कायद्याने घर आणि संग्रह ट्रस्टींच्या ताब्यात दिला. सोबत खर्चासाठी ३०,००० पौंडांची पुंजी, तिच्या व्याजावर आणि १२ नंबरच्या घराच्या भाड्यावर म्युझियम चालावं अशी व्यवस्था. सगळ्यात महत्त्वाची अट अशी की परिस्थिती जेवढी मुभा देईल तेवढं सगळं सोन सोडून जाईल तसंच्या तसं ठेवायचं. आणि लोकांना फुकट आत घ्यायचं, म्हणजे कमीत कमी एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांत आठवड्यातून दोन दिवस. कायद्यात डोळ्यासमोर ठेवलेले लोक म्हणजे चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला शिकणारे आणि हौशी मंडळी.

आज वाचताना वाटतं, वर्षातले तीन महिने, आठवड्याचे दोन दिवस, याला काय सार्वजनिक म्हणायचं. शिवाय पाऊस असला किंवा रस्त्यात चिखल असला तर त्या दिवशी बंद. पण त्या काळातलं लंडन म्हणजे रस्त्यात घोड्यांची लीद, हवेत कोळशाचा धूर, आणि आत अरुंद बोळ ज्याच्या दोन्ही अंगांना खांद्याच्या उंचीवर प्लास्टर आणि संगमरवर. चिखलाचे बूट आणि ओले कोट घेऊन माणसं आत सोडली असती तर काही वर्षांतच अर्धा संग्रह काळा पडला असता. हा विचार एकदा मान्य केला की आजची प्लास्टिकची पिशवी त्याच जातीची आहे हे दिसतं, पाठीवरची सॅक घेऊन कुणी मागे वळलं की बाजूचा दगडी कलश गेला.

पैशाचं गणित मात्र सोनला वाटलं तसं टिकलं नाही. ठरावीक पुंजीच्या व्याजावर जगणाऱ्या कुठल्याही संस्थेचं शेवटी तेच होतं, महागाई वाढते आणि व्याज तिथेच राहतं, उलट ब्रिटिश सरकारने १८८८ मध्ये जुन्या ३ टक्क्यांच्या रोख्यांचं व्याज कमीच केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी अनुदान घ्यावं लागलं, ते आजही संस्कृती खात्याकडून येतं, उरलेला खर्च देणग्या, गाईडेड टूर, दुकान, कार्यक्रम यातून निघतो. १४ नंबरचं पुढचं घर तर सोनच्या कुटुंबाकडे गेलं होतं, ते १९९६ मध्ये लॉटरी फंडाच्या मदतीने म्युझियमला विकत घ्यावं लागलं. ना-नफा म्हणजे पैशाचा विचार करायचाच नाही असं समजणाऱ्यांनी या एका घराचा जमाखर्च बघावा.

आत गेल्यावर

पहिल्यांदा गडद लाल भिंतींची लायब्ररी आणि जेवणाची खोली, तिथपर्यंत घर घरासारखंच वाटतं. मग दोन इतक्या छोट्या खोल्या की दोघं समोरासमोर आले तर एकाने मागे जायचं. आणि तिथून एकदम मागचा भाग, वर काचेचा घुमट, खाली तळघरापर्यंत मोकळं, कठड्याभोवती पुतळे आणि कलश आणि खांबांचे तुकडे, सोनचा स्वतःचा अर्धपुतळा एका बाजूला आणि त्याच्या समोर अपोलो या ग्रीक देवाच्या पुतळ्याचा उंच ठसा. पहिल्यांदा बघणाऱ्याला नक्की कशाकडे बघू असं होतं आणि ते होणं बरोबर आहे. अभ्यासकाने लावावं तसं शतकानुसार, देशानुसार इथे काही लावलेलं नाही. रोमन अस्थिकलशाच्या बाजूला प्लास्टरचा ठसा आणि त्याच्या बाजूला सोनच्याच एखाद्या इमारतीचं मॉडेल, खरं आणि नक्कल शेजारी शेजारी, त्याला त्याचं काही वाटत नसे कारण आकार कसा दिसतो, उजेड त्यावर कसा पडतो हे त्याला दाखवायचं होतं.

म्हणून लेबल नाहीत. एकेका वस्तूला पाटी लावायची म्हटली तर भिंतीवर वस्तू कमी आणि पाट्याच जास्त दिसतील. त्याऐवजी प्रत्येक भागात माणसं असतात, त्यांना विचारायचं. आणि ही माणसं तयारीची असतात, एक प्रश्न विचारा आणि ते तिथल्या तिथे पाच गोष्टी दाखवतात ज्या तुम्ही जन्मात बघितल्या नसत्या. पण इथे मला एक खुपतं. विचारायला तोंड लागतं, आणि इंग्रजी लागतं. लाजाळू माणूस, भाषा न येणारा माणूस, ऐकू कमी येणारा माणूस, यांच्यासाठी लेबल नसणं म्हणजे अर्धं म्युझियम बंद असणं. सोनने स्वतः घराचं सविस्तर वर्णन लिहून छापलं होतं, १८३० मध्ये पहिल्यांदा, मग १८३२ आणि १८३५ मध्ये सुधारून, म्हणजे बघणाऱ्याच्या हातात काहीतरी वाचायला असावं हे त्यालाही पटत होतं. तेव्हा भिंत कोरी ठेवा, पण हातात द्यायचा कागद चांगला आणि अनेक भाषांतला करा, त्याने कायदा मोडत नाही.

अंधाराचं उत्तर सरळ आहे. सोनने उजेड बहुतेक वरून घेतला, लपवलेल्या झरोक्यांतून, काही ठिकाणी पिवळी काच लावून, म्हणजे लंडनच्या राखाडी दिवसातही आत इटलीतल्या दुपारचा भास व्हावा. नाश्त्याच्या खोलीत तर छत मधे घुमटासारखं तंबू ताणल्यागत उभं आहे आणि त्या एका छोट्या खोलीत शंभरापेक्षा जास्त आरसे आहेत, बरेचसे बाहेर फुगलेले गोल, त्यामुळे एवढासा उजेड दहा ठिकाणी फिरतो. तिथे ट्यूबलाईट लावली तर खोली मेली. ढगाळ दिवशी गेलात तर कमी दिसेल, हे मान्य करूनच जायचं. शिवाय कागदावरची चित्रं जास्त उजेडाने उडतात ते वेगळंच.

तळघरात सेती पहिला या इजिप्तच्या राजाची शवपेटी आहे. बेल्झोनी नावाच्या इटालियन माणसाने १८१७ मध्ये ती राजांच्या खोऱ्यातल्या थडग्यात शोधली, ब्रिटिश म्युझियमला २,००० पौंड जास्त वाटले आणि त्यांनी नको म्हटलं, सोनने १८२४ मध्ये तेवढ्यालाच घेतली. घरात आणायला मागची भिंत फोडावी लागली. अलाबास्टर या अर्धपारदर्शक पांढुरक्या दगडाची एकसंध पेटी, आतबाहेर चित्रलिपी कोरलेली, आणि दगड असा की आत दिवा ठेवला तर बाहेरून उजळतो. मार्च १८२५ मध्ये सोनने तीन संध्याकाळी पार्ट्या दिल्या, नऊशेच्या आसपास पाहुणे आले, घरभर शेकडो दिवे भाड्याने आणून लावलेले. ही सोनची मिरवायची हौस, पण त्याच हौसेपायी ही वस्तू लंडनच्या एका एकेकाळच्या राहत्या घरात आहे. ती इजिप्तमध्ये असायला पाहिजे होती का, हा प्रश्न रास्त आहे, आणि खासगी संग्रह सार्वजनिक झाला की तोही सार्वजनिक होतो, माझ्या मते म्युझियमने तो तिथेच शवपेटीजवळ उघड मांडावा.

आणि मग चित्रांची खोली. माप फक्त १३ फूट ८ इंच बाय १२ फूट ४ इंच. सोनकडे चित्रं शंभराच्या वर आणि भिंती चार, तर त्याने भिंतींनाच बिजागऱ्या लावल्या. म्हणजे भिंत दिसते ती भलीमोठी फळी असते, कपाटाच्या दारासारखी उघडते, तिच्या मागच्या बाजूला चित्रं आणि आत पुन्हा चित्रांनी भरलेली भिंत. सोनचा हिशोब असा की या खोलीत ४५ फूट लांब आणि २० फूट रुंद दालनात मावतील तेवढी चित्रं मावली. विल्यम होगार्थ या अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराची दोन मोठी कामं इथेच, एक ८ चित्रांची मालिका, श्रीमंत बापाचा पोरगा पैसा उधळून शेवटी वेड्यांच्या इस्पितळात कसा पोचतो त्याची, ती सोनने १८०२ मध्ये ५७० गिनींना (एक गिनी म्हणजे पौंडाहून थोडं जास्त) घेतली, आणि दुसरी निवडणुकीवरची ४ चित्रं, ती १८२३ मध्ये. जॉर्जचं प्रकरण माहीत असलं की ती आठ चित्रं बघताना जरा अस्वस्थ व्हायला होतं, आणि घेतली तेव्हा जॉर्ज लहान पोरगा होता.

फळ्या तिथला माणूस उघडतो, आपण हात लावायचा नाही, आणि उघडताना खोलीत मोजकीच माणसं मावतात. वाट बघावी लागते हे खरं. पण उघडल्यावर दक्षिणेकडची फळी दुसऱ्यांदा उघडते आणि भिंतीच्या जागी एकदम पोकळी, समोर एक पुतळा आणि खाली तळघरातली ती मंक्स पार्लर, म्हणजे साधूची बैठक, नावाची गमतीची खोली, जिथे सोनने एक काल्पनिक साधू राहतो असं नाटक उभं केलं होतं आणि बाहेरच्या अंगणात बायकोच्या फॅनी नावाच्या कुत्रीचं थडगं बांधलं. फळ्या कायम उघड्या ठेवल्या असत्या तर हा सगळा परिणामच गेला असता, आणि रोज शेकडो हात लागले असते तर दोनशे वर्षांच्या बिजागऱ्या पण.

तसंच्या तसं, म्हणजे कितपत

कायदा म्हणतो तसंच ठेवा, पण ठेवलं का? तर नाही. सोनने काही कप्पे सीलबंद करून ठेवले होते, १८६६, १८८६ आणि १८९६ मध्ये बायकोच्या स्मृतिदिनी ट्रस्टींसमोर उघडायचे म्हणून. लोकांना वाटलं काय खजिना निघतो, निघाली जुनी कागदपत्रं, कौटुंबिक भांडणाचे पुरावे आणि एक दातांची कवळी. ही अट मात्र अगदी इमानेइतबारे पाळली गेली. पण त्याच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्युरेटरांनी, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी, भिंती फोडून नवी दारं काढली, वस्तू हलवल्या, वरच्या मजल्यावरच्या सोनच्या खासगी खोल्या राहण्यासाठी आणि ऑफिससाठी वापरात गेल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता, लोकांना सोयीचं व्हावं, जागा मिळावी, पण परिस्थितीनुसार या सवलतीत काय काय बसवता येतं ते त्यातून दिसतं.

मग ते उलटं फिरवायचं काम झालं, ७० लाख पौंडांच्या आसपास खर्च आणि काही वर्षं, २०१६ मध्ये संपलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खासगी खोल्या आणि मॉडेलची खोली, जिथे बुचाची बनवलेली पाँपेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहराची प्रतिकृती आहे, ती पुन्हा लावली गेली. कुठली वस्तू कुठे होती हे कसं कळलं, तर सोनने जिवंतपणीच घराची इतकी जलरंग चित्रं काढून घेतली होती आणि मेल्यावर लगेच पहिल्या क्युरेटरने, जॉर्ज बेलीने, अशी बारीक यादी केली होती की खिळ्यापर्यंत शोधता आलं. माझ्या मते ही या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट, आणि जिथे कुठे कुणी आपला संग्रह लोकांसाठी ठेवायचं म्हणतं तिथे मी हेच सांगीन, की पैशाच्या आधी यादी करा आणि फोटो काढा.

त्याच कामात लिफ्ट पण बसवली. सोनच्या घरात लिफ्ट नव्हती हे उघड आहे, कायद्याच्या अक्षराप्रमाणे ती नकोच. पण तोपर्यंत व्हीलचेअरवरचा माणूस या फुकट, सार्वजनिक म्युझियमच्या दाराशीच थांबत होता, आणि लिफ्ट अशा जागी घातली की मुख्य खोल्यांना धक्का लागला नाही. इथे मला कायद्यातली ती सवलत योग्य कामाला आली असं वाटतं. भिंतीत दारं काढणारे क्युरेटर आणि लिफ्ट बसवणारे क्युरेटर, दोघांनी एकाच कलमाचा आधार घेतला आणि तरी दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत.

अट फारच कडक केली तर काय होतं तेही बघा. बॉस्टनला इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियम आहे, तिनेही काही हलवायचं नाही असं लिहून ठेवलं, १९९० मध्ये तिथून १३ वस्तू चोरीला गेल्या आणि रिकाम्या फ्रेमा अजून भिंतीवर आहेत. फिलाडेल्फियाजवळ मेरियनला अल्बर्ट बार्न्सचा संग्रह होता, त्याचीही अट तीच, चित्रं जिथे आहेत तिथेच, पण त्याच्यामागे संस्थेचे पैसे संपत आले, २००४ मध्ये कोर्टाने परवानगी दिली आणि २०१२ मध्ये अख्खा संग्रह शहरातल्या नव्या इमारतीत गेला, आत जुन्या खोल्यांचीच मापं घेऊन. मेरियनच्या जुन्या मंडळींना ते आजही पटलेलं नाही. सोनच्या ट्रस्टींना सरकारी अनुदान मिळालं नसतं तर त्यांच्यावरही असली वेळ आली असती असं मला वाटतं, आणि तेव्हा घराशिवाय हा संग्रह म्हणजे फक्त फुटक्या दगडांचा ढीग झाला असता.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडत नाही. पूर्वी महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात घर फुकट उघडं असायचं, चौकभर लाईन लागायची. आता त्या संध्याकाळी तिकिटाच्या झाल्या. पैसा लागतो, कर्मचारी लागतात, आगीचा धोका असतो, सगळं कळतं. तरी सोनचं घर खरं बघायची वेळ म्हणजे तीच, दिव्याच्या उजेडात, आणि नेमकी तीच पैसे भरणाऱ्यासाठी राहिली. महिन्यातून नाही तर वर्षातून दोनदा तरी फुकट ठेवावी, सोडत काढून का होईना.

जायचं असेल तर सोमवार मंगळवार सोडून जा, सकाळी उघडायच्या वेळी लाईन कमी असते, सामान हॉटेलवर ठेवा. आत शिरताच चित्रांच्या खोलीच्या फळ्या कधी उघडणार ते विचारून घ्या आणि बाकीचं घर त्याप्रमाणे फिरा. दुसऱ्या मजल्यावरच्या खासगी खोल्या टूरबरोबरच दाखवतात, जागा मोजक्या असतात, तेव्हा ते पण दाराशीच विचारा. आर्किटेक्चर शिकणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, इथे ३०,००० च्या आसपास रेखाचित्रं आहेत, त्यात रॉबर्ट आणि जेम्स अ‍ॅडम या भावांच्या ऑफिसमधली हजारो, ती भिंतीवर नाहीत, आधी वेळ घेऊन रिसर्च लायब्ररीत बघायला मिळतात. कॅटलॉग ऑनलाइन आहे, हवी ती चित्रं आणि त्यांचे नंबर घरूनच काढून पत्रात लिहा, म्हणजे गेल्यावर कागद टेबलावर काढून ठेवलेले असतात.